‘आयुष्यभर बघायला नको’ हे वाक्य दुकानातून काढून टाका



फर्निचरच्या धंद्यात उतरायचंय म्हणून मला भेटणारे बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, "ताई, मार्जिन किती सुटतं?" मग लाकूड कुठून घ्यायचं, मिस्त्री कसा शोधायचा, दुकान मेन रोडलाच हवं का, हे सगळं मागोमाग येतं. पण विकलेलं फर्निचर गिऱ्हाईकाच्या घरी पुढची दहा वर्षं कसं राहतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. सुरुवातीला मीही कुणाला विचारलं नव्हतं. बीबीए झालं होतं, वडिलांचं सांगलीतलं दुकान हातात आलं होतं, आणि माल टेम्पोत चढला की सेल संपला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पॉलिश केलेलं लाकूड सांभाळावं लागतं, आणि ते कसं सांभाळायचं हे गिऱ्हाईकाला सांगणं दुकानदाराचंच काम आहे. ते न सांगता टेबल विकलं तर माल अर्धाच विकला. हे सगळ्यांना पटणार नाही. आमच्या शेजारच्या दुकानदाराला तर अजिबात पटत नाही, त्याच्याकडे नंतर येते.

२०१७ च्या दिवाळीत एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस दुकानात आले. सागवानी डायनिंग टेबल आणि सहा खुर्च्या, ४२,००० रुपयांचा व्यवहार. सर बारकाईने बघणारे. त्यांनी विचारलं, "पॉलिशचं नंतर काही बघावं लागतं का?" मी छातीठोकपणे म्हणाले, "काही नाही सर, आयुष्यभर बघायला नको." वर खूश होऊन टेबलावर अंथरायला जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर फुकट दिलं. दीडशे रुपयांचं. टेबल त्यांच्या घरी पोचल्यावर मी स्वतः जाऊन, मापात कापून, अंथरून आले.

पुढच्या मे महिन्यात सरांचा फोन आला. कव्हर टेबलाला चिकटलं होतं. ओढलं की त्याच्याबरोबर पॉलिशही निघत होतं, जिथे निघत नव्हतं तिथे बोटाचा ठसा उमटत होता. मी फोनवर काय म्हणाले असेन? जे आपण सगळे म्हणतो तेच. "सर, पॉलिश गॅरंटीत येत नाही." ते एवढंच म्हणाले, "बाळ, कव्हर तूच दिलं होतंस." आणि फोन ठेवला.

सर भांडले नाहीत. भांडणारं गिऱ्हाईक परवडतं, कारण ते परत आपल्या दारात येतं. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. बेड, कपाट, सोफा, सगळं मिरजेच्या एका दुकानातून आलं. माझ्या अंदाजाने १,८०,००० च्या आसपासची ऑर्डर. टेम्पो आमच्या दुकानासमोरूनच गेला.

आता ते कव्हर का चिकटलं ते सांगते, कारण हे माहीत नसलेले दुकानदार आजही भरपूर आहेत. मऊ प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं. टेबलावर लॅकरचं पॉलिश असेल तर हे द्रव्य त्यात मुरतं आणि पॉलिश मऊ पडतं. वर उन्हाळ्याची उष्णता, वर ताटांचं वजन. टेबलाला संरक्षण म्हणून दिलेल्या वस्तूनेच टेबल खाल्लं. आणि खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्या टेबलावर लॅकर आहे हे मला माहीतच नव्हतं. बिलावर लिहिलं होतं ‘पॉलिशसह’. पॉलिशच्या ठेकेदाराने काय मारलं ते त्याला माहीत, मी कधी विचारलं नाही.

म्हणून फर्निचर विकायचं असेल तर आधी पॉलिशची नावं नीट शिका. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने हात मारत चढवतात. जुन्या वाड्यांतल्या खुर्च्या, झोपाळे, देव्हारे यांच्यावर बहुतेक हेच. दिसायला देखणं, पण गरम भांडं, पाणी आणि दारू यांना फार नाजूक. लॅकर पटकन वाळतं, म्हणून ठेकेदारांचं लाडकं. मेलामाइन त्याहून कडक. पीयू सगळ्यात टणक, पाणी आणि उष्णता बऱ्यापैकी सोसणारं, महागही. आणि काही फर्निचरवर फक्त तेल किंवा मेण असतं, वरून थर असा नसतोच.

ओळखायचं कसं? पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. चिकट झालं, बोळ्याला रंग लागला, तर चपडी. स्पिरिटने काही झालं नाही तर लॅकर थिनर लावा. आता मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू. दोन मिनिटांचं काम आहे. जुनं फर्निचर दुरुस्तीला घेणार असाल तर हे केल्याशिवाय दर सांगूच नका, कारण चपडीवर नवा हात मारला की तो जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, पीयूवर तसं होत नाही. तिथे पेपर मारून, घासून, पुन्हा थर द्यावा लागतो. कामात तिप्पट फरक पडतो आणि तुम्ही दर मात्र एकच सांगून बसलेले असता.

आणखी एक सोपी परीक्षा गिऱ्हाईकालाही शिकवा. टेबलावर पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर पॉलिश शाबूत. पाच-दहा मिनिटांत खालचं लाकूड गडद दिसायला लागलं तर पॉलिश झिजलंय, आता हात मारायची वेळ आली. डागांचंही तसंच. पांढरं वर्तुळ म्हणजे ओल पॉलिशच्या थरातच अडकलीय, लाकूड ठीक आहे. घाबरायचं नाही, कधीकधी दोन-चार दिवसांत आपोआप फिकं पडतं. काळा डाग मात्र वाईट. पाणी लाकडापर्यंत पोचलं, आणि बऱ्याचदा त्यात लोखंडाचा अंश मिसळला. सागवानातल्या द्रव्यांशी लोखंडाची गाठ पडली की लाकूड काळं पडतं. ओल्या फरशीवर खुर्चीच्या पायाखालच्या खिळ्याभोवती जे काळं दिसतं ते हेच.

घरगुती उपायांवर तर मी एक वेगळा व्हिडिओ करणार आहे, राग येण्याइतके आहेत. दिवाळीच्या साफसफाईला खोबरेल तेल चोळणारी घरं अजून आहेत. खोबरेल कधी वाळतच नाही. दोन दिवस चकाकतं, मग वर्षभर धूळ धरून ठेवतं, शेवटी काळपट चिकटा बसतो. जवसाचं तेल हवा लागून वाळतं, खोबरेल नाही, एवढा साधा फरक आहे. रॉकेलने मळ निघतो हे खरं, पण वासही घरात राहतो आणि लाकडाला त्यातून काही मिळत नाही. टूथपेस्ट म्हणजे बारीक पेपर, डागाबरोबर चमकही घासून निघते. काचा पुसायचा स्प्रे चपडीवर मारलात तर पांढरं पडेल. आणि बाजारात मिळणारे झटपट चमक देणारे काही स्प्रे असतात, त्यात सिलिकॉन असतं. ते लाकडात मुरलं की पुढे कधी पॉलिश करायला घेतलं तर थर नीट बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. पॉलिशवाला शिव्या देतो, गिऱ्हाईकाला वाटतं याला काम येत नाही.

मग करायचं काय? फार थोडं. रोज कोरडं मऊ फडकं. खरकटं लागलं तर ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. गरम भांड्याखाली लाकडी नाही तर कापडी काहीतरी. टेबलावर प्लॅस्टिक नको, सुती कापड. खिडकीच्या उन्हात एकच बाजू येत असेल तर अधूनमधून टेबल फिरवायचं, कारण उन्हाने लाकडाचा रंग बदलतो आणि फुलदाणीखालचा गोल तेवढा वेगळा राहतो. पावसाळ्यात ड्रॉवर अडकला तर रंधा मारायला सुताराला बोलवू नका! लाकूड रेषेला आडवं फुगतं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसतं. जुलैत रंधा मारलेला ड्रॉवर मार्चमध्ये खुळखुळतो. तोवर ड्रॉवरच्या कडेला मेणबत्ती घासली तरी सरकतो.

आमच्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, सांगलीकरांना ते आकडे अजून पाठ आहेत. आमचं दुकान उंचावर, पाणी आलं नाही. पण गावभागातल्या रस्त्यांवर पाणी ओसरल्यावर जे ढीग पडले होते, त्यात निम्मं फर्निचर होतं. फुगलेली प्लायची कपाटं, बिस्किटासारखं चुरा झालेलं एमडीएफ, सुटलेले सनमायके.

आमचे एक पॉलिशवाले मामा आहेत, वडिलांच्या काळापासूनचे. चपडीचं काम करणारे. त्यांना वेळ लागतो म्हणून मी दोन वर्षांपासून त्यांना जवळजवळ काम देणं बंद केलं होतं. पुरानंतर तेच एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "सरांच्या घरी चल. मला बोलावलंय, तुला नाही. तरी चल."

टेबल चिखलाने भरलेलं होतं. मिसेसनी ते उन्हात ठेवायला काढलं होतं, मामांनी आधी ते सावलीत आणायला लावलं. स्वच्छ पाण्याने चिखल धुतला, पायाखाली विटा दिल्या, चारी बाजूंनी वारा लागेल असं ओसरीवर ठेवलं. म्हणाले, आता दिवाळीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. भिजलेलं लाकूड उन्हात टाकलं की वरचा भाग आधी वाळतो, आतला ओला राहतो, आणि फळी चिरते किंवा वाकडी होते. घाईने पॉलिश केलं तर ओल आत कोंडते आणि थर ढगाळ पांढरा पडतो. मामा हाताने चाचपून ओळखतात. मी नंतर ओल मोजायचं मीटर घेतलं, आता १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय आम्ही डबा उघडत नाही. भर पावसात तर नवं पॉलिशही शक्यतो घेत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

नोव्हेंबरच्या शेवटी मामांनी उरलेलं लॅकर खरवडून काढलं आणि चपडीचे हात मारले. आठवडाभर रोज थोडं थोडं. मिरजेहून आणलेला बेड आणि कपाट मात्र ढिगात गेलं होतं. इथे मला बरं वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. प्लायच होतं ते, माझ्याकडून घेतलं असतं तरी फुगलंच असतं. सरांनी मामांना पूर्ण पैसे दिले, मी नको म्हणत होते तरी. आणि मला म्हणाले, "आता काय करायचं नाही ते सांग. मागच्या वेळी तेवढंच राहिलं होतं."

मी बिलाच्या मागे सात ओळी लिहून दिल्या. तेच आज माझ्या दुकानातलं कार्ड आहे. त्यावर पहिल्या ओळीत पॉलिशचं नाव असतं, ठेकेदाराकडून लिहून घेतलेलं. तुम्हाला धंदा सुरू करायचा असेल तर निदान एवढं पहिल्या दिवसापासून करा. खर्च कार्डामागे दोन रुपये.

आता आकडे, कारण त्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. डायनिंग सेटची देखभाल भेट, म्हणजे साफसफाई, स्क्रू आवळणं, गरज असेल तिथे चपडीचा एक हात, वरून मेण. याचे मी १,५०० रुपये घेते. एका माणसाचा अर्धा दिवस, त्याचे ५००. सामान १५०, पेट्रोल १००. ७५० सुटतात. पहिल्या वर्षीची एक भेट मी फुकट देते, म्हणजे ४२,००० च्या सेटवर माझे ७५० खर्च होतात, दोन टक्केसुद्धा नाही. मी १,८०,००० ची ऑर्डर घालवली होती ती यातलं काहीच न केल्यामुळे. शिवाय भेटीला गेलेला माणूस घरात बसतो, चहा घेतो, मुलीच्या लग्नाचं कानावर येतं. अशी चौकशी फेसबुकच्या जाहिरातीतून येत नाही.

आणि दुकान नसेल तरी हे काम एकट्याने सुरू करता येतं. माझी पहिली पेटी साडेआठ हजारांत झाली होती. चपडी, स्पिरिट, मलमलचं फडकं, २२०, ३२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, मधमाश्यांचं मेण, टर्पेंटाइन, स्क्रू ड्रायव्हर, मीटर. पण आधी सहा महिने एखाद्या जुन्या पॉलिशवाल्याच्या हाताखाली काढा. व्हिडिओ बघून हात बसत नाही, माझे व्हिडिओ बघूनसुद्धा नाही. मेण करताना ते गरम पाण्याच्या भांड्यात वितळवायचं, गॅस बंद करून लांब न्यायचं, मगच टर्पेंटाइन घालायचं. एक भाग मेण, तीन भाग टर्पेंटाइन.

आगीचा विषय निघालाच आहे तर हेही. जवसाचं तेल, पेंटच्या दुकानात ज्याला डबल बॉइल्ड म्हणतात ते, वाळताना उष्णता सोडतं. त्याची फडकी चुरगळून डब्यात टाकली तर काडी न लावताही पेट घेऊ शकतात. आमच्या गोडाऊनमध्ये एका रविवारी कचऱ्याच्या बादलीतून धूर यायला लागला होता. शेजारच्या टपरीवाल्याने बघितलं म्हणून बरं, शेजारीच थिनरचे डबे होते. तेव्हापासून फडकी उघडी पसरून बाहेर वाळवायची, नाही तर पाण्यात बुडवून ठेवायची. नवीन पोरगा आला की आधी हे शिकवते, पॉलिश नंतर.

आता शेजारच्या दुकानदाराकडे येते. तो म्हणतो, "तू त्यांना टिकवायला शिकवतेस, मग नवीन कोण घेणार?" माझा अनुभव असा की माणूस टेबल जुनं झालं म्हणून बदलत नाही, खराब दिसायला लागलं म्हणून बदलतो. आणि खराब झालेल्या टेबलाच्या दुकानात तो परत पाय ठेवत नाही. त्याचा दुसरा मुद्दा, एवढं सगळं सांगितलं की गिऱ्हाईक घाबरून सनमायकाच घेतं. घेऊ दे की! ज्या घरात दोघं नोकरीला आणि दोन लहान मुलं आहेत, त्यांना मीच सनमायका सुचवते. मार्जिन कमी सुटतं, पण सहा महिन्यांनी फोन येत नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही ऐकावी लागली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आहे, त्यात विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावाही धरलेला आहे. म्हणजे बिलावर ‘गॅरंटी नाही’ असा शिक्का मारून तोंडाने ‘आयुष्यभर बघायला नको’ म्हणायचं, हा खेळ अंगाशी येऊ शकतो. सरांनी मनावर घेतलं असतं तर मी कुठे उभी असते, याचा विचार मी कधीकधी करते.

गेल्या महिन्यात मी आणि मामा सरांच्या घरी गेलो होतो. टेबलावर सुती कापड असतं आता. एका कोपऱ्यात चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळ दिसलं, नातवाने केलं म्हणे. मामांनी फडक्याला जेमतेम स्पिरिट लावून वरच्यावर दोन-चार हात फिरवले, दहा मिनिटांत वर्तुळ गेलं. पैसे घेतले नाहीत. पण बिल फाडलं, शून्य रुपयांचं. तारीख टाकली, ‘चपडी, उजवा कोपरा, स्पिरिटचा हात’ असं लिहिलं आणि एक प्रत सरांच्या फाईलला लावली. मामांचं वय आता सत्तरीच्या पुढे गेलंय. पुढच्या वेळी दुसरं कुणी गेलं तर मागे काय केलंय ते त्याला कळायला हवं.